मान वर करायची फुरसत

परदेशीपुऱ्याच्या आसपासचे गिरण्यांचे भोंगे कधीच थंडावले. हुकुमचंद मिल बंद पडली १९९१ मध्ये. पण इंदूरच्या या भागात कापडाचं काम संपलं नाही. रेडिमेड कपड्यांच्या कारखान्यांत आजही ओळीनं शिलाई मशिनी चालतात आणि त्यांच्यावर तेवढ्याच माना वाकलेल्या असतात.

डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. मान सरळ असली की ते मणक्यांवर बिनबोभाट तोललं जातं. नजर सुईवर खिळली, मान पुढे आली की सगळा भार मानेच्या मागच्या स्नायूंवर पडतो, तोही तासन् तास. आधी नुसती अवघडते. मग दुखणं खांद्यात उतरतं आणि मुक्कामाला राहतं.

मग फिजिओथेरपिस्टकडे शेक, मशीनचा करंट, वजन लावणं. बरं वाटतं, यात शंका नाही. आपण पडून राहायचं आणि कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी करायचं, हे सुख कष्टकऱ्याच्या वाट्याला तसं कमीच येतं! पण जुनाट मानदुखीत हा आराम फार टिकत नाही. गळ्याचा पट्टा महिनोन् महिने लावला तर स्नायू उलट आळशी होतात. उपयोगी पडतो तो नेमानं केलेला व्यायाम, आणि तो दिसायला अगदीच किरकोळ. मान न वाकवता हनुवटी सरळ मागे घ्यायची, पाच सेकंद धरायची, सोडायची. तळहात कपाळाला लावून डोक्यानं रेटायचं, पण डोकं हलू द्यायचं नाही. ‘एवढ्यासाठी फी दिली?’ असं वाटलं तर नवल नाही. (हातात मुंग्या येत असतील, पकड सुटत असेल, चालताना तोल जात असेल, तर मात्र आधी डॉक्टर.)

व्यायाम साधा आहे, तरी होत नाही. त्याला आळस म्हणणं सोपं आहे. मजुरी नगावर असली की मान वर केलेला प्रत्येक क्षण खिशातून जातो. फिजिओथेरपिस्ट चिठ्ठी लिहितो ती रोग्याच्या नावानं. मला विचाराल तर तिची एक प्रत ठेकेदारालाही जायला हवी: स्टूल आणि मशीनची उंची माणसागणिक बसवून द्यावी, तासाला दोन मिनिटं हात थांबू द्यावेत, आणि त्या दोन मिनिटांचे पैसे कापू नयेत.