भीतीचा धंदा, विश्वासाचा व्यवहार

लोकांना घाबरवून पोट भरणे हा धंदा नीतीचा आहे काय? प्रश्न असा उघडा विचारला की उत्तर सोपे वाटते. धाक दाखवून पैसे उकळणाऱ्याला आपण गुंड म्हणतो. पण वाचकाचे काळीज धडधडावे, दाराची कडी लावली आहे ना हे त्याने दोनदा उठून पाहावे, एवढ्यासाठीच जो लेखणी झिजवतो, त्या रहस्यकथाकाराला काय म्हणायचे? मराठी समीक्षेने त्याला बहुधा उंबऱ्याबाहेरच ठेवले. वाचकाने मात्र उशीखाली जागा दिली.

मी उधन्यात राहतो. इथला मराठी माणूस बहुतांशी खानदेशातून, ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने आलेला. घरात अहिराणी, शाळेत मराठी, खात्यावर गुजराती आणि हिंदी. मागावर बारा तासांची पाळी करून येणाऱ्यांत जे वाचणारे होते, ते भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानातून अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, शिरवळकर घरी नेत. भाडे दिवसावर, म्हणून पुस्तक त्याच रात्री संपवायचे. खडखडाटाने कान बधिर झालेल्या माणसाकडून झोपेचा तासभर मागून घेणे ही साधी गोष्ट नव्हे. जो तो मागतो, त्याच्यावर त्या तासाचे ऋण चढते. रहस्यकथेच्या नीतीचा विचार मला इथून सुरू करावासा वाटतो.

बाबुराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण (१९०६–१९९६), यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंजार, काळापहाड ही त्यांची माणसे घरोघरी पोचली. गोव्याकडच्या गुरुनाथ नाईकांची (निधन २०२१) पुस्तकेही हजारांत मोजतात. सुहास शिरवळकरांनी (१९४८–२००३) दारा बुलंद आणि बॅरिस्टर अमर विश्वास घडवले, आणि त्याच हाताने 'दुनियादारी'ही लिहिली. एवढे लिहिणाऱ्याचे लेखन चांगले कसे असेल, हा आक्षेप जुनाच आहे. आमच्याकडे कारागिराला मजुरी मीटरवर मिळते, म्हणून त्याचे कापड खोटे ठरत नाही. ताका उलगडून पाहतात. तुटलेला धागा, तेलाचा डाग दिसला की दोष काढतात. रहस्यकथेचा ताका शेवटच्या प्रकरणात उलगडतो. तिथे धागा तुटलेला निघाला की वाचक त्या लेखकाचे पुढचे पुस्तक उचलत नाही. पुरस्कार नाही, परीक्षण नाही; पण तपासणी चुकत नाही.

तरीही मीटरवरच्या कामात एक धोका असतोच. घाईत लिहिणाऱ्याला सर्वांत स्वस्त पडते ते प्रेत. एका बाईचा खून केला की पहिले प्रकरण झाले. ती कोण होती, तिच्यामागे रडणारे कोण राहिले, हे लिहायला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे मिळत नाहीत. हा दोष केवळ कलेचा नाही, नीतीचाही आहे.

दुसरा आक्षेप असा, की हा लेखक खोटे बोलतो. खुनी ठाऊक असूनही दोनशे पाने आपल्याला भलत्याच माणसामागे फिरवतो. पण लपवणे वेगळे आणि फसवणे वेगळे. अगाथा ख्रिस्तीबाईंच्या १९२६ सालच्या 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' या कादंबरीवर मोठा वाद झाला तो याच भेदावरून. (का झाला, ते सांगून नव्या वाचकाचा आनंद घालवत नाही.) रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घातले. गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकालाही दिसलाच पाहिजे, आणि जुळा भाऊ आयत्या वेळी आणायचा नाही, हे त्यांपैकी दोन. वाचक स्वखुशीने फसायला बसलेला असतो. त्याची अट एकच, की शेवटी हिशेब चुकता व्हावा.

हिशेब चुकता न होणारी भीती कशी असते, हे सुरतेने सप्टेंबर १९९४ मध्ये पाहिले. प्लेगचे नाव निघाले आणि लाखो माणसे शहर सोडून निघाली. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन संपले. पाण्यात विष कालवल्याचीही आवई उठली. मृत्यू पन्नासच्या आसपास नोंदले गेले, भीती मात्र लाखोंची होती. अफवा हीसुद्धा एक रहस्यकथाच. पण तिला लेखक नसतो, म्हणून जबाबही देता येत नाही. तिला शेवटचे पान नसते, म्हणून सुटकाही नसते. अर्नाळकरांनी आपल्या भीतीवर नाव छापले आणि शंभर-दीडशे पानांत ती परत घेतली. अफवा पसरवणारा ती कधीच परत घेत नाही. आज मोबाइलवर आलेला निनावी निरोप पुढे ढकलणारा माणूस त्याच जातीचा, मग तो स्वतःला कितीही सज्जन समजो.

पण राजीखुशीचा हा करार लेखक आणि वाचक यांच्यात असतो. ज्याच्या दुःखावर कथा उभी राहते त्याची त्यावर सही नसते. आपल्या शेजारच्या भाषेत हा प्रश्न ठसठशीतपणे उभा राहिला. 'चित्रलेखा'चे संपादक हरकिसन मेहता हे क्रमशः कादंबऱ्यांचे बादशहा. त्यांची 'जड-चेतन' (१९८५) मुंबईच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या हकिकतीवर बेतलेली. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर अत्याचार झाला, आणि १८ मे २०१५ पर्यंत त्या केईएम रुग्णालयात पडून होत्या. मराठीत दत्तकुमार देसाईंनी 'कथा अरुणाची' हे नाटक लिहिले. बाई अंथरुणावर जिवंत, आणि इकडे तिची कथा गावोगाव वाचली जातेय! हे योग्य का? 'नाही' म्हणावे, तर त्या बाईंना लोक विसरले असते, हेही खरे. 'होय' म्हणावे, तर त्यांना विचारले कोणी?

मला वाटते, उत्तर विषयात नाही, उसनवारीच्या पद्धतीत आहे. दुसऱ्याचे दुःख घ्यावे, पण त्याचे माणूसपण शाबूत ठेवून परत करावे. वाचून झाल्यावर मनात खुन्याची हुशारी उरते की गेलेल्याची उणीव, यावरून लेखकाची पत कळते. खुनी कोण हे त्याने शेवटच्या पानापर्यंत खुशाल लपवावे. मेलेला कोण होता, हे मात्र पहिल्या पानापासून सांगावे. पाळीवरून दमून आलेल्या वाचकाला दोन्ही कळतात, आणि दुसरे नसले तर तेही त्याच्या ध्यानात येते.