आत्मरक्षणाची मर्यादा

स्वतःचें रक्षण करण्याचा हक्क सर्वांस आहे, ह्याविषयीं नीतिशास्त्रज्ञांत फारसा मतभेद नाहीं. घरांत शिरलेल्या चोरावर काठी उगारणाऱ्या गृहस्थास कोणी दोष देत नाहीं. परंतु चोर शेजारच्या वाड्यांतून येण्याचा संभव आहे, सबब तो वाडा आपल्या ताब्यांत असला पाहिजे, असें हाच गृहस्थ म्हणूं लागला तर? आणि तो वाडा घेतल्यावर त्याच्या पलीकडील परसाचीही त्यास काळजी वाटूं लागली तर? रक्षण कोठें संपतें व आक्रमण कोठें सुरू होतें, हा वाद व्यक्तींच्या बाबतींत न्यायाधीश तोडतो. राष्ट्रांच्या बाबतींत मात्र ज्यास भय वाटतें तोच फिर्यादी, तोच साक्षीदार आणि तोच न्यायाधीश! त्यांतही जें राष्ट्र नुकतेंच बलवान होऊं लागलें आहे, त्याच्यापुढें हा प्रश्न अधिक बिकट असतो. कारण जुन्या दुर्बळपणाची आठवण बुजलेली नसते, आणि हातांत नवें बळ आलेलें असतें. जपानच्या इतिहासांत ह्या प्रश्नाचा जो उलगडा झाला, तो विचार करण्याजोगा आहे.

१८५३ सालीं अमेरिकन आरमार दाराशीं येऊन उभें राहिल्यावर जपानला आपल्या असहायतेची जाणीव झाली, आणि पुढें पाश्चात्त्यांशीं विषम तह करणें भाग पडलें. १८६८ च्या राज्यक्रांतीनंतर त्या राष्ट्रानें जी सुधारणा केली, तिच्या मुळाशीं हें शल्य होतें. १८९० च्या डिसेंबरांत जपानच्या पहिल्या लोकसभेपुढें मुख्य प्रधान यामागाता आरितोमो ह्यांनीं लष्करी खर्चाचें समर्थन करतांना दोन रेषांचा सिद्धांत मांडला. एक सार्वभौमत्वाची रेषा, म्हणजे देशाची सरहद्द. दुसरी हितसंबंधांची रेषा, म्हणजे त्या सरहद्दीच्या सुरक्षिततेशीं ज्याचा निकट संबंध आहे असा बाहेरील प्रदेश. केवळ पहिली रेषा राखून स्वातंत्र्य टिकत नाहीं, दुसरीही राखिली पाहिजे, असें त्यांचें म्हणणें होतें. ही दुसरी रेषा कोठून जाते, हें त्याच वर्षींच्या आपल्या एका टिपणांत त्यांनीं सांगितलें होतें. ती कोरियांतून जात होती.

हें भय केवळ काल्पनिक होतें असें म्हणणें अन्यायाचें होईल. चीनचा पराभव करून १८९५ सालीं जपाननें मिळविलेला लिआओतुंग द्वीपकल्प रशिया, फ्रान्स व जर्मनी ह्यांनीं दटावून त्यास परत करावयास लाविला. आणि तीनच वर्षांनीं, १८९८ सालीं, त्याच द्वीपकल्पावरील पोर्ट आर्थर रशियानें स्वतःसाठीं भाडेपट्ट्यानें घेतलें. ज्यांनीं नीतीचा उपदेश केला त्यांचें हें वर्तन! अशा जगांत हातावर हात ठेवून बसा, असें जपानला कोणत्या तोंडानें सांगावें? १९०५ सालीं त्यानें रशियाचा पाडाव केला, तेव्हां हिंदुस्थानांतील सुशिक्षितांस जो हर्ष झाला, तो अगदीं स्वाभाविक होता.

परंतु दुखणें खरें असलें म्हणून प्रत्येक औषध योग्य ठरत नाहीं. १९१० सालीं जपाननें कोरिया आपल्या राज्यास जोडला, आणि त्या दिवशीं हितसंबंधांची रेषा हीच सार्वभौमत्वाची रेषा झाली. मग मूळ सिद्धांताप्रमाणेंच त्या नव्या सरहद्दीसाठीं पलीकडे आणखी एक रेषा लागली. ती मांचुरियांत गेली. १९३१ सालीं मांचुरिया घेतला, तेव्हां त्याच्या रक्षणासाठीं उत्तर चीन आवश्यक वाटूं लागला. १९३७ पासून चीनशीं युद्ध जुंपलें. तें चालविण्यास तेल हवें, म्हणून दृष्टि दक्षिणेकडे वळली. १९४१ च्या जुलैंत सैन्य फ्रेंच इंडोचीनच्या दक्षिण भागांत शिरलें, अमेरिकेनें तेल तोडलें, आणि डिसेंबरांत पर्ल हार्बर झालें. १९४३ च्या सप्टेंबरांत कुरील बेटांपासून ब्रह्मदेशापर्यंत ‘निर्वाणीचें संरक्षणक्षेत्र’ आंखलें गेलें. पुढल्याच वर्षीं सायपान बेट पडलें व तें क्षेत्र फुटलें. सरहद्द जितकी लांब गेली, तितके शत्रू वाढले. १९०७ सालच्या संरक्षणधोरणांतच लष्करानें रशियास व आरमारानें अमेरिकेस संभाव्य शत्रु कल्पिलें होतें. कुंपणानें शेत खाल्लें, ही म्हण ह्याहून अधिक कोठें लागू पडेल?

कोणी म्हणेल कीं, हें शहाणपण पराभवानंतरचें आहे. तसें नाहीं. १९२१ सालीं इशिबाशि तान्झान ह्या पत्रकारानें लिहिलें कीं, साम्राज्य हा भ्रम आहे. त्यानें हिशेबच मांडला: १९२० सालीं कोरिया, फॉर्मोसा व क्वांतुंग मिळून जपानचा व्यापार सुमारें ९० कोटि येनांचा होता, एकट्या अमेरिकेशीं सुमारें १४० कोटींचा, आणि हिंदुस्थानशीं सुमारें ५८ कोटींचा. शिवाय हे मुलूख सांभाळावयाचे म्हणूनच मोठें सैन्य लागतें व युद्धाचा धोका येतो. ते सोडल्यास धोकाच उरत नाहीं, असें त्याचें प्रतिपादन होतें. त्याच वर्षीं वॉशिंग्टन येथील परिषदेस गेलेले आरमारमंत्री कातो तोमोसाबुरो ह्यांनींही, राष्ट्रसंरक्षण ही केवळ शिपायांची मिरास नव्हे, असें बजाविलें. अमेरिकेशीं लढण्यास लागणारा पैसा अमेरिकेवांचून कोणाकडून मिळणार, हा त्यांचा सवाल होता. पण भयभीताला हिशेब पटत नाहीं. इशिबाशि १९५६ सालीं मुख्य प्रधान झाले, तोंवर त्यांचें म्हणणें फार महाग मोल देऊन सिद्ध झालें होतें.

मग दोष कोठें होता? माझ्या मतें, यामागातांच्या नकाशावर रेषा होत्या, माणसें नव्हतीं. ज्या देशांतून ती दुसरी रेषा जात होती, तेथील लोकांसही आपल्या घराचें रक्षण करावयाचें आहे, त्यांसही भय आहे, ही गोष्ट त्या हिशेबांत कोठेंच धरलेली नव्हती. केवळ स्वतःच्या भयानें मोजलेल्या रक्षणाला सीमा असूं शकत नाहीं. कारण भय जमिनीबरोबर वाढतें. सीमा घालणारी गोष्ट एकच: आपण जो हक्क मागतों तो शेजाऱ्यानेंही मागितला, तर तो आपण देऊं काय, हा प्रश्न. तो विचारणें हें दुर्बळपणाचें लक्षण नव्हे. शस्त्रें जरूर असावीं, सैन्यही सज्ज असावें. पण आपल्या दाराची राखण करणारें शस्त्र आणि दुसऱ्याच्या दारांत उभें केलेलें शस्त्र ह्यांतील भेद विसरतां कामा नये.

आज आशियांत दोन प्रचंड राष्ट्रांचें बळ वाढत आहे, व त्यांपैकीं एक आपलें आहे. शेजाऱ्याच्या रेषा पुढें सरकलेल्या आपणांस तत्काळ दिसतात, आणि त्याविषयीं सावध राहणें हें आपलें कर्तव्यच आहे. परंतु आपल्याहून लहान असे शेजारी आपल्याकडे कोणत्या नजरेनें पाहतात, हें जाणून घेण्याची संवयही आपण आतांपासूनच लावून घेतली पाहिजे. दुर्बळाला ही संवय लावण्याची गरज नसते, आणि बलाढ्य झाल्यावर ती लागत नाहीं. ती लागण्याचा काळ मधला, म्हणजे हाच आहे.