म्हातारपणाचं बियाणं

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, तशी शेतकऱ्याला निवृत्तीची तारीखही नाही. गुडघे बोलायला लागले की आपण समजायचं. मग सातबाऱ्यावर पोरांची नावं चढवायची आणि ओसरीवर बसायचं, ही आमच्याकडची रीत. २०१९ साली केंद्राची शेतकरी पेन्शन आली, साठीनंतर महिन्याला ३००० रुपये. पण नाव नोंदवायला वय १८ ते ४० हवं. आमची पिढी त्यात बसलीच नाही.

म्हणून वाटणी करताना दोन एकर मी आमच्या दोघांच्या नावावर ठेवले. थोरला म्हणाला, "दादा, आमच्यावर भरवसा नाही का?" प्रश्न झोंबणारा होता. सांभाळायच्या लेखी अटीवर दिलेली जमीन, अट मोडली तर २००७ च्या कायद्यानं परत मागता येते. पण पोराविरुद्ध अर्ज लिहायला बापाचा हात धजत नाही.

पेरणीपुरतं बियाणं आपण राखून ठेवतो, कितीही नड आली तरी दळत नाही. त्याला कुणी पावसावरचा अविश्वास म्हणत नाही. औषधाला पैसे मागताना बाप पोराच्या तोंडाकडं बघतो, तेव्हा दोघंही अवघडतात. ती वेळ येऊ नये, एवढ्यासाठी ते दोन एकर. आमच्या मागं ते पोरांचेच आहेत.