शहाडच्या पुलावरून

फोन बाजूला ठेवा. श्वास आपल्या लयीत चालू द्या. मनानंच शहाड स्टेशनच्या पुलावर या. कसाऱ्याची गाडी निघून गेली आहे, गर्दी ओसरली आहे. घाई कसलीच नाही.

दक्षिणेकडे तोंड करा. पावसाळा सरल्यावरच्या धुतलेल्या हवेत त्या दिशेला मलंगगड उभा आहे. आधी पीरमाची, मग सोनेमाची, सगळ्यात वर बालेकिल्ला. तो डोळ्यांसमोर आणा आणि त्याच्या रोखानं चालू लागा. एखादी इमारत आडवी येईल, गड दिसेनासा होईल. वळण संपलं की पुन्हा समोर. मधेच दडतो, म्हणून पाय उचलले जातात.

ओपन-वर्ल्ड गेमचं जग याच ओढीवर चालतं. २०१७ सालच्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये निन्टेंडोच्या मंडळींनी डोंगर-टेकड्या त्रिकोण धरून रचल्या. त्रिकोण मागचं झाकतो. चढून जायचं की वळसा घालायचा, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. दोन ठिकाणांत अंतर किती असावं, हे जोखायला त्यांनी आपल्याच क्योतो शहराचा नकाशा घेतला. ‘एल्डन रिंग’मधला सोनेरी महावृक्षही असाच दुरून खुणावत राहतो. राक्षस आणि तलवारी नंतर येतात. आधी क्षितिज लागतं, आणि कलादिग्दर्शकाचा खरा कस मला तिथेच दिसतो.

आता नजर जवळ आणा. इथे पत्ता सांगताना लोक आजही ‘कॅम्प नंबर एक’, ‘कॅम्प नंबर पाच’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे आलेली सिंधी कुटुंबं, १९४९ साली मिळालेलं उल्हासनगर हे नाव. छावणी गेली, आकडा राहिला. त्या आकड्यापाशी जरा रेंगाळा. कल्पनेतल्या नगरातही आधी राहून गेलेल्यांचं असं काही उरलेलं असावं, कोणी समजावून न सांगता कळणारं.

तिथून अंबरनाथ. वालधुनीच्या काठचं शिवमंदिर, शके ९८२चं, म्हणजे १०६०चं, शिलाहारांच्या काळातलं. बाहेरच थांबा. काळ्या पाषाणाची भिंत सलग नाही. तिचे कोन पुढे येतात, मागे जातात. ऊन कलतं तशी सावली एका मूर्तीवरून दुसरीवर जाते. पाहत राहा.

मग आत. मंडपातून गाभाऱ्याकडे जाताना पायऱ्या चढायच्या नाहीत, उतरायच्या आहेत. एक पायरी. थांबा. दुसरी. मंडप वर राहतो, दगडाचा गारवा अंगाला लागतो. शिखर पुरं नसल्यानं उजेड येतो तो वरून. देवाकडे जायचं तर चढायचं, ही आपली सवय. इथल्या स्थपतीनं आपल्याला जमिनीच्या पोटात नेलं. साडेनऊशे वर्षांपूर्वी केलेली ही योजना मला आजच्या कुठल्याही गेमइतकीच धीट वाटते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली ‘राजी’ हा गेम आणला. तो ओपन-वर्ल्ड नव्हे, पण आपल्याकडच्या वास्तू आणि छायाबाहुल्या त्यात जीव ओतून उतरवल्या आहेत. आता कोणीतरी उल्हास खोऱ्याचं मोकळं जग रचावं. रचणाऱ्यांनो, परदेशी किल्ल्यांची चित्रं जमवण्याआधी वही-पेन्सिल घेऊन एक दिवस अंबरनाथला जा, आणि त्या पायऱ्या सावकाश उतरा.