तितिक्षा कोणी करायची?

मे महिन्यात गडचिरोलीच्या जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम ऐन भरात असतो. अख्खी घरं डोक्याला दुपट्टा बांधून पहाटेच निघतात, पानं तोडून आणतात आणि मग 70-70 पानांची पुडकी बांधत बसतात. दुपारी पारा 45च्या आसपास. महिनाअखेरीस नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचा काळ, लागतो. तो तापला तरच पाऊस चांगला, अशी चंद्रपूरकडची समजूत.

ऊन-थंडी येते नि जाते, ती सोसावी, असं गीता सांगते. शंकराचार्यांच्या नावावर असलेला ‘विवेकचूडामणी’ आणखी पुढे जातो: प्रतिकार न करता, कुरकुर न करता सोसणं म्हणजे तितिक्षा.

शरीराला मात्र हा उपदेश मान्य नसावा. उष्णता वाढली की मेंदूतला हायपोथॅलॅमस रक्त त्वचेकडे वळवतो, घाम सोडतो. पाणी आटू लागलं की व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला लावतं, आल्डोस्टेरॉन मीठ राखतं. पेशींत तर धावपळच. उष्णतेनं प्रथिनांच्या घड्या विस्कटतात आणि त्या सावरायला खास प्रथिनं तयार होतात. याचा पहिला माग 1962 साली इटलीच्या फेरुचिओ रितोसा यांनी प्रसिद्ध केला. फळमाश्यांच्या पेशी ठेवलेल्या पेटीचं तापमान चुकून वाढलं होतं, आणि गुणसूत्रांवर नवेच फुगवटे दिसले! म्हणजे पेशीचं सोसणं हाच मुळी प्रतिकार असतो. एक-दोन आठवडे उन्हात काम केलं की घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठही कमी होतं. पण या सवयीलाही मर्यादा आहे. शरीराच्या आतलं तापमान 40च्या पुढे गेलं की मेंदू गोंधळतो, माणूस बरळतो, कोसळतो. ऊन लागतं ते असं.

चार बाजूंना अग्नी आणि वर सूर्य घेऊन बसणाऱ्या पंचाग्नी तपस्व्याच्या पेशीही हेच करतात. पुण्य त्यांना कळत नाही. फरक एवढाच, की तो केव्हाही उठू शकतो. पुडक्यांवर ज्याची मजुरी ठरते, त्याला उठणं परवडत नाही.

देह झिजवून ज्ञान मिळत नाही, हे बुद्धानं स्वतः उपास काढून पाहिल्यावर सांगितलं. त्याच बुद्धाच्या धम्माची दीक्षा डॉ. आंबेडकरांनी 16 ऑक्टोबर 1956 रोजी चंद्रपुरात हजारोंना दिली. त्या गावात तरी मजुराच्या तितिक्षेचं कौतुक कोणी करू नये. तितिक्षा स्वतःपुरती ठेवावी. दुसऱ्यासाठी पुडकी जमा करायच्या फळीवर मांडव घालावा, माठ भरून ठेवावा आणि दुपारचं काम बंद करावं.