दार नसलेलं गाव आणि कुलूप लावलेला फोन

नेवासा तालुक्यातल्या शनिशिंगणापूरच्या जुन्या घरांना चौकट असते, दार नसतं. रात्री कुत्रं-मांजर शिरू नये म्हणून फार तर एखादी फळी टेकवतात. २०११ मध्ये युको बँकेनं इथं बिनकुलपाची शाखा उघडली, तेव्हा देशभर बातमी झाली. इथल्याच शनी देवस्थानच्या नावानं बनावट अ‍ॅप काढून, ऑनलाइन पूजा आणि तेल वाहण्यासाठी भाविकांकडून पैसे उकळल्याचं प्रकरण २०२५ मध्ये विधानसभेत गाजलं. ज्या देवाच्या धाकानं चोर उंबरा ओलांडत नाही म्हणतात, त्याच देवाच्या नावानं लोकांच्या खिशात हात घातला गेला. त्यासाठी उंबरा ओलांडावाच लागला नाही.

बिनदाराच्या घराचं रक्षण निव्वळ शनिमहाराजांच्या भीतीनं होतं असं मला वाटत नाही. आमच्याकडच्या कुठल्याही गावात अनोळखी माणूस गल्लीत शिरला, की ओट्यावर शेंगा फोडत बसलेली आजी मान वर न करता विचारते, "कुणाकडं आलात?" हे खरं कुलूप. फोनमध्ये शिरणाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण फोनला ओटाच नसतो.

हे मला कळलं ते माझ्या मामांमुळे. गेल्या लग्नसराईत त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक पत्रिका आली. पाठवणारा ओळखीचा, भावकीतला. मामांनी दाबून पाहिलं, पत्रिका काही उघडेना. त्यांना वाटलं, रेंज नसेल. दोन-तीनदा दाबली, विचारलं त्याला 'होय' म्हटलं आणि ते जनावरांना पाणी पाजायला गेले. ती पत्रिका नव्हतीच, ती एपीके फाइल होती. म्हणजे उघडून बघायचा कागद नव्हे, फोनमध्ये बसवायचं अ‍ॅप. एकदा परवानगी मिळाली की असलं अ‍ॅप येणारे मेसेज वाचतं, बँकेचा ओटीपी परस्पर पुढे पाठवतं आणि फोनमधल्या सगळ्या नंबरांना तीच पत्रिका धाडतं. भावकीतल्या माणसानंही ती मुद्दाम पाठवली नव्हती. तो मामांच्या आधी फसला होता, एवढंच.

पैसे गेले ते बाजूला ठेवू. मला लागलं ते वेगळंच. मामांनी ही गोष्ट तीन दिवस कुणाला सांगितली नाही. "लोक हसतील रे," म्हणाले. असे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असतात. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन केला, तर वाटेतल्या एखाद्या खात्यात ते अडवता येतात. मामांनी फोन केला तो चौथ्या दिवशी.

या सगळ्या फसवणुकींची मुळाक्षरं एकच आहेत, माणसाला एकटं पाडा. 'डिजिटल अरेस्ट' करणारा तोतया पोलीस व्हिडिओ कॉलवर पहिली अट घालतो, खोलीचं दार लावून घ्या, घरात कुणाला सांगू नका. अशी अटक कुठल्याही कायद्यात नाही. शेजारच्या खोलीतल्या सुनेला हाक मारली असती तर तिनंच ते सांगितलं असतं. "पैसे पाठवतोय, पिन टाका" म्हणणाऱ्याचंही तेच. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो. मंडईतला भाजीवाला दिवसभर क्यूआरवर पैसे घेतो, एकदा तरी पिन टाकतो का? पण बोलणारा विचार करायला उसंतच देत नाही.

भीती मात्र आपण भलत्या ठिकाणी खर्च करतो. गावात टॉवर उभा राहायचा म्हटला की किरणांची चर्चा सुरू होते. ती अगदीच अस्थानी नाही. भारतानं २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली आहे, आणि फोनसाठी शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची कमाल किलोमागे १.६ वॉट ठरवली आहे. *#०७# दाबलं तर बऱ्याच फोनांवर त्या फोनचा आकडा दिसतो. पण टॉवरला विरोध करणाऱ्यालाच "तुमच्या रानात टॉवर बसवतो, महिना एवढं भाडं, आधी नोंदणी फी भरा" असा फोन आला, की किरणं विसरली जातात. टॉवरसाठी जागामालकाकडून आगाऊ पैसे घ्यायची पद्धतच नाही. आणि गळीत हंगामात, अंधारात, कानात इअरफोन घालून उसाच्या ट्रॉलीमागं मोटरसायकल पळवणाऱ्या पोरांना लहरींपेक्षा त्या ट्रॉलीचा धोका कितीतरी मोठा आहे.

खरा धोका माणूस फोनसोबत एकटा पडण्यात आहे. शिंगणापूरच्याच तालुक्यातलं सौंदाळा हे गाव म्हणून मला महत्त्वाचं वाटतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड ठरवला. बातम्या शिव्यांच्याच झाल्या. त्याच सभेत आणखी एक निर्णय झाला होता, संध्याकाळी सात ते नऊ शाळकरी मुलांच्या हातात मोबाइल नाही, अभ्यास. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्येच हे केलं होतं. सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. मला वडगावची रीत जास्त पटते, कारण भोंगा मोठ्यांनाही ऐकू जातो. मुलाला पुस्तकासमोर बसवून बाप ओट्यावर रील बघत बसला, तर मुलाचं लक्ष कुठं असणार? पण दोन्ही गावांनी एक गोष्ट ओळखली. फोन ही प्रत्येकाची खासगी बाब आहे असं न मानता त्यांनी तो चावडीवर आणला. जी गोष्ट चावडीवर बोलता येते, तिची लाज कमी होते. मामांचे तीन दिवस तिथं वाचले असते.

अर्थात चार माणसं जमली की शहाणपण येतंच असं नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठार मारलं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या अफवांनी डोकी आधीच तापलेली होती. भिक्षा मागत फिरणाऱ्या या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं, म्हणजे चावडीतच. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल असं केलं. ओट्यावरची आजी "कुणाकडं आलात?" विचारते तेव्हा ती उत्तराची वाट बघते. राईनपाड्यात उत्तर फोनमध्ये आधीच येऊन पडलं होतं.

मामांनी आता स्वतःपुरता एक नियम केला आहे. फोनवर आलेली पत्रिका ते उघडतच नाहीत. ज्याला लग्नाला बोलवायचं आहे त्यानं घरी यावं, ओट्यावर बसावं, पत्रिकेला हळद-कुंकू लावून हातात द्यावी. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतील. मामींना काळजी आहे ती वेगळीच. "यंदा एकाही लग्नाला जाणं होत नाही बघ," त्या परवा मला म्हणाल्या, "घरी येतंय कोण आता?"