कंटेनरभर वजन, शाळेच्या संघासाठी

न्हावा शेवाला वजनाची किंमत कुणी शिकवायला नको. 26 मे 1989 रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं, तेव्हापासून इथली उलाढाल टनांत मोजली जाते. 1 जुलै 2016 पासून तर जगभर नियमच झाला, की भरलेल्या कंटेनरचं वजन प्रमाणित झाल्याशिवाय तो जहाजावर चढणार नाही.

या टनांच्या हिशेबात आसपासच्या शाळांतली मुलं कुठे बसतात? बंदराचा हा उरण तालुका कबड्डीचा. आगरी-कोळी गावांत संध्याकाळी मैदान ओस दिसलं तरच नवल. पण शाळेचा संघ तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून विभागाला निघाला, की गाडीभाडं, बूट, नीकॅप, जर्सी यांची जुळवाजुळव सुरू होते. बहुतेक वेळा पीटीचे सर कुणा मोठ्या माणसाकडे जातात. पैसे मिळतात, नाही असं नाही. मात्र खेळाडू त्यात याचक होतो आणि गाव प्रेक्षक.

अमेरिकेतल्या हायस्कुलांनी यावर एक वाट काढली आहे. संघातली मुलं आठवडा-दोन आठवडे शेजारीपाजारी, दुकानदार, नातेवाईक यांच्याकडे जातात आणि ‘मी जितकं वजन उचलेन, त्यावर अमुक दराने पैसे द्या’ असा शब्द घेतात. ठरलेल्या दिवशी सगळ्यांसमोर वजन उचललं जातं आणि मग वसुली. या कार्यक्रमाला ते लिफ्टथॉन म्हणतात.

कल्पना परक्या देशातली असली, तरी अंगमेहनतीतून पैसा उभा करणं महाराष्ट्राला नवं नाही. 1952 साली कुस्तीगीर खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला जायचं होतं आणि हातात पैसा नव्हता. कऱ्हाडकडच्या लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये दिले. खाशाबांनी 23 जुलैला कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गोळेश्वरच्या या मल्लाची मिरवणूक शंभराहून अधिक बैलगाड्यांची निघाली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पुढची गोष्ट त्याहून मोठी आहे. खाशाबांनी परत आल्यावर कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि त्या पैशातून गुरूचं घर सोडवलं. मदत घेतली, पण ती अंगबळाने फेडली. देणारा आणि घेणारा यांच्यात उंच-नीच उरली नाही.

शिक्षणातही गावाने असाच हातभार लावला होता. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टीफंडात घराघरांतून मूठमूठ धान्य आलं आणि त्यावर वसतिगृहातली पोरं जेवली, शिकली. कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळा आज उरण तालुक्यातही आहेत.

मात्र लिफ्टथॉन जसाच्या तसा उचलून आणणं धोक्याचं ठरेल. आकड्यामागे पैसा लागला, की पोरगं आकड्याच्या मागे लागतं. सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर आठवावा. त्याचे वडील पानटपरी आणि चहाची गाडी चालवणारे. 30 जुलै 2022 रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात त्याने स्नॅचमध्ये 113 आणि क्लीन अँड जर्कमध्ये 135, असे एकूण 248 किलो उचलले. मलेशियाच्या खेळाडूचे 249 झाले. सुवर्णासाठी संकेतने 139 किलोवर दोन प्रयत्न केले, दोन्ही फसले आणि कोपर दुखावलं. देशासाठी, कित्येक वर्षांच्या तयारीनंतर घेतलेली ती जोखीम होती. आठवीतल्या मुलाने वर्गणीसाठी तशी जोखीम घ्यायचं काही कारण नाही.

‘जास्तीत जास्त किती’ हा प्रश्नही मुळात अन्यायाचा. वडगाव मावळची हर्षदा गरुड 2022 च्या मे महिन्यात ग्रीसमध्ये ज्युनिअर जागतिक विजेती झाली; हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय. 45 किलो गटातल्या या मुलीने क्लीन अँड जर्कमध्ये 83 किलो उचलले. निव्वळ किलोमागे पैसे लावले, तर तिच्यापेक्षा एखादा धिप्पाड, कच्चा मुलगा जास्त कमावेल.

म्हणून न्हावा शेवाच्या शाळांनी मोजमाप बदलावं. एकट्याचा विक्रम नको, सगळ्यांची बेरीज हवी. स्पर्धेतला रिकामा बार पुरुषांचा 20 किलोचा असतो, महिलांचा 15 चा. जमिनीवरून तो नीट पाठ सरळ ठेवून उचलणं, एवढंच मुलांनी शिकायचं. कुणाला किती झेपेल ते प्रशिक्षकाने ठरवायचं, काहींना प्लेटा लावता येतील, काहींना नाही. सरासरी 20 किलो धरली आणि 150 मुलामुलींनी प्रत्येकी दहा वेळा उचललं, तर 30 टन होतात. भरलेल्या वीस फुटी कंटेनरचं एकूण वजन जास्तीत जास्त साधारण इतकंच असतं. गावातल्या शंभर जणांनी टनामागे 20 रुपयांचा शब्द दिला, तर प्रत्येकाला 600 रुपये पडतात आणि शाळेकडे 60,000 जमतात. एका संघाचा हंगामाचा प्रवास त्यात बराचसा भागेल. शिवाय ज्या मुलीला कधी संघात घेतलं नाही, तिनेही संघासाठी दोनशे किलो उचललेले असतील.

याने कंपन्यांची जबाबदारी संपत नाही. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135 ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करायला लावतं आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. ज्या जमिनींवर हे बंदर आणि नवी मुंबई उभी राहिली, त्यांच्या न्याय्य मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले. त्यांच्या नातवंडांना मॅट आणि प्रशिक्षक मिळणं हा उपकार नव्हे.

शाळांनी यंदाच्या क्रीडा सप्ताहात एक दिवस या कामासाठी राखावा. जाणता प्रशिक्षक उभा असल्याशिवाय बारला कुणी हात लावू नये. जमा आणि खर्च, पै न पै, शाळेच्या फळ्यावर लिहावा. आणि परिसरातल्या कंटेनर यार्डांनी गावाने दिलेल्या प्रत्येक रुपयाला आपला एक रुपया जोडावा.